जेवणघरासाठी अँटिक आणि व्हिंटेज साइडबोर्ड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साइडबोर्ड, बुफे, क्रेडेन्झा, शिफोनियर हे सगळं एकच का?

जवळपास एकच. भिंतीलगतचं, लांब, साधारण कमरेइतकं उंच, खण आणि कप्पे असलेलं जेवणघरातलं फर्निचर म्हणजे साइडबोर्ड. वरची फळी वाढपासाठी, आतली जागा ताटं, काटे-चमचे आणि टेबलक्लॉथसाठी. शिफोनियर आखूड असतो आणि त्याच्या मागे बहुधा एखादी छोटी फळी उभारलेली असते. क्रेडेन्झा म्हटलं की आता बुटका, लांबलचक, सरकत्या दरवाजांचा नमुना डोळ्यांपुढे येतो. विक्रेते ही नावं एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात. म्हणून नावावर न जाता मापं मागा: लांबी, खोली, उंची आणि कप्प्यांची आतली उंची.

अँटिक कशाला म्हणायचं आणि व्हिंटेज कशाला?

शंभर वर्षांहून जुनी वस्तू अँटिक, हा व्यापारातला संकेत आहे आणि अमेरिकेसारख्या देशांचं सीमाशुल्क खातंही तोच आकडा धरतं. व्हिंटेजला अशी ठाम व्याख्या नाही. वस्तू जुनी आहे, पण शंभरीला पोहोचलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. वर्णनातला 'स्टाइल' हा शब्द मात्र नीट वाचा. 'जॉर्जियन साइडबोर्ड' (म्हणजे इंग्लंडमधल्या जॉर्ज राजांच्या काळातला) आणि 'जॉर्जियन स्टाइल साइडबोर्ड' यांत दीडशे वर्षांचं अंतर असू शकतं. दुसरी वस्तू वाईट असेलच असं नाही, पण ती नंतरची आहे.

कोणत्या काळातला साइडबोर्ड कसा दिसतो?

इंग्लंडमध्ये १७६० आणि १७७०च्या दशकांत वास्तुकार रॉबर्ट अॅडम यांनी मोठ्या घरांसाठी एक मांडणी रूढ केली: मधे लांब टेबल, दोन्ही बाजूंना सुटी उभी कपाटं, त्यांवर कलश. ताटं गरम ठेवण्याची, हात-भांडी धुण्याच्या पाण्याची सोय त्या कपाटांत आणि कलशांत असे. एवढी जागा सगळ्यांकडे नव्हती. १७८०च्या दशकात हे तिन्ही भाग जोडून एकच फर्निचर बनू लागलं आणि आज आपण ज्याला साइडबोर्ड म्हणतो तो घडला. जॉर्ज हेपलव्हाइट यांचे नमुने त्यांच्या मृत्यूनंतर १७८८मध्ये छापले गेले, थॉमस शेरेटन यांचे १७९१ ते १७९४ या काळात. खाली निमुळते होत जाणारे चौकोनी पाय हेपलव्हाइटच्या नावावर आणि उभ्या रेघा कोरलेले गोल पाय शेरेटनच्या नावावर टाकले जातात. ही विभागणी ढोबळ आहे. त्या काळच्या कारागिरांनी दोन्ही प्रकार मोकळेपणाने मिसळले.

या जॉर्जियन साइडबोर्डला बहुधा सहा पाय असतात, पुढे चार आणि मागे दोन. दर्शनी भाग कमानीसारखा पुढे आलेला किंवा लाटेसारखा वळणदार. कडेचा एक खण खूप खोल असतो. तो बाटल्यांसाठी, आणि त्याला आतून अनेकदा शिशाचा पत्रा लावलेला असतो. मागच्या कडेला पितळी कठडा असल्यास त्यावर कापडी पडदा अडकवत, म्हणजे वाढताना उडालेले थेंब भिंतीवर जात नसत.

१८४०नंतरचे व्हिक्टोरियन साइडबोर्ड वजनदार असतात: दोन्ही बाजूंना जमिनीपर्यंत कपाटं, भरगच्च कोरीवकाम, मागे मोठा आरसा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हातकामाचा पुरस्कार करणाऱ्या आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळीने याला उत्तर म्हणून साधे ओकचे साइडबोर्ड आणले. त्यांत सांधे लपवलेले नसतात, मुद्दाम दिसू दिलेले असतात. १९२० आणि १९३०च्या दशकांतल्या आर्ट डेको नमुन्यांत गोलसर कोपरे आणि आरशासारख्या जोडीने लावलेलं अक्रोडाचं विनीअर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, दिसतं. १९५० आणि १९६०च्या दशकांवर डेन्मार्कची छाप आहे. सिबास्ट कारखान्यासाठी डिझायनर आर्ने व्होडर यांनी, री मोबलर कारखान्यासाठी डिझायनर हान्स वेग्नर यांनी केलेले सागाचे आणि शिसवीचे साइडबोर्ड आजही सर्वाधिक शोधले जातात. ब्रिटनमध्ये त्याच वळणावर जी-प्लॅन आणि मॅकिंटॉश या उत्पादकांनी मोठ्या संख्येने काम केलं.

खरेदीपूर्वी नेमकं काय तपासायचं?

दर्शनी भाग सगळ्यात शेवटी पाहा. तोच सर्वांत जास्त वेळा घासला, पॉलिश केला आणि दुरुस्त केला गेलेला असतो. खणांचं बूड, पाठफळ्या आणि खालची बाजू यांना सहसा कोणी हात लावत नाही, म्हणून वस्तूचा खरा इतिहास तिथे वाचता येतो. टॉर्च, मोजपट्टी आणि छोटं भिंग सोबत ठेवा.

खण पूर्ण बाहेर काढा आणि बाजूची फळी पुढच्या फळीला जिथे मिळते तो डवटेल सांधा, म्हणजे पंख्यासारखे रुंदावणारे दाते एकमेकांत अडकवलेला सांधा, पाहा. हाताने कापलेल्या सांध्यात दाते थोडे असमान असतात, कारागिराने ओढलेली आखणीची बारीक रेघ अजून दिसते आणि चांगल्या कामात दोन दात्यांमधली खुंटी टोकाला अगदी अरुंद असते. सगळे दाते आणि खुंट्या एकाच मापाच्या असतील तर काम यंत्राचं आहे, म्हणजे बहुतेक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं किंवा नंतरचं. अर्धगोलात बसवलेली छोटी गोल खुंटी दिसली तर तो नॅप सांधा. तो अमेरिकेत १८७०च्या दशकापासून १९००च्या आसपासपर्यंतच चालला, त्यामुळे काळ ठरवायला याच्याइतका नेमका पुरावा क्वचित मिळतो.

मग करवतीच्या खुणा. सरळ, किंचित असमान रेघा हातकरवतीच्या. कमानीसारख्या वळलेल्या रेघा गोल करवतीच्या, आणि ती एकोणिसाव्या शतकात सर्वसामान्य झाली. म्हणून १७८०चा म्हणून सांगितलेल्या साइडबोर्डच्या पाठफळीवर कमानी दिसल्या, तर ती फळी तरी नंतरची आहे.

एखादा स्क्रू काढून बघायची परवानगी मागा. १८४०च्या दशकापूर्वीच्या स्क्रूला टोक नसतं, तो खाली बोथट असतो आणि डोक्यावरची खाच बहुधा मधोमध नसते. अधिक चिन्हाच्या खाचेचे फिलिप्स स्क्रू १९३०च्या दशकात आले. गोल तारेचे खिळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळले. अर्थात एक नवा स्क्रू सापडला म्हणून अख्खी वस्तू नकली ठरत नाही. बिजागऱ्या दुरुस्त होतच असतात. जुन्या छिद्रांची संख्या आणि जागा सध्या लावलेल्या मुठी-बिजागऱ्यांशी जुळते का, हे जास्त महत्त्वाचं. खणाच्या आतल्या बाजूला तीन-चार बुजवलेली छिद्रं दिसली तर मुठी बदलल्या आहेत.

शेवटी रंग. उघडं लाकूड शंभर-दोनशे वर्षांत हवेने काळवंडतं, पण सगळीकडे सारखं नाही. खणाच्या तळाची बाहेरची बाजू मळकट आणि आतली बाजू फिकट असणं स्वाभाविक आहे. आतबाहेर एकसारखा तपकिरी रंग असेल तर तो बहुधा फासलेला आहे.

'जोडलेली' किंवा 'कमी केलेली' वस्तू म्हणजे काय?

दोन वेगळ्या फर्निचरचे भाग एकत्र केले की ती जोडलेली. वरची फळी आणि खालचा सांगाडा यांचं लाकूड, रेषा आणि झीज जुळत नाही. कमी केलेली म्हणजे आकाराने छाटलेली. जुने साइडबोर्ड ६५ ते ७५ सेंमी खोल असत, आजच्या खोल्यांना ते अवजड वाटतात म्हणून मागून कापले जातात. खणाच्या मागच्या कोपऱ्यातले सांधे ताज्या लाकडाचे असतील किंवा तिथे डवटेलऐवजी नुसते खिळे असतील, तर हेच झालं आहे. वरच्या फळीच्या मागच्या कडेला ओळीने बुजवलेली छिद्रं म्हणजे तिथे एके काळी आरसा किंवा पितळी कठडा होता. यातलं काहीही वापराच्या आड येत नाही, मात्र किमतीत मोठा फरक पडायला हवा.

डॅनिश साइडबोर्ड खरा आहे हे कसं कळेल?

पाठीमागे किंवा खणाच्या आत निर्मात्याचा शिक्का, डागून उमटवलेली खूण किंवा धातूची चकती शोधा. डॅनिश फर्निचर मेकर्स कंट्रोल या गुणवत्ता-तपासणीचा गोल शिक्का चांगली खूण आहे. शिक्का नसणं हा मात्र नकलीपणाचा पुरावा नव्हे, अनेक चांगल्या वस्तूंवर तो नसतो. बांधणी जास्त बोलते: कडांना लावलेली भरीव लाकडाची पट्टी, लाकडातूनच कोरलेल्या मुठी, खणांना नीट कापलेले डवटेल, पाठीलाही विनीअर. पाठीवर स्टेपल केलेला पातळ हार्डबोर्ड आणि कडेला चिकटवलेली टेप असेल तर ते स्वस्त उत्पादन. हे साइडबोर्ड बहुधा भरीव सागाचे नसतात. प्लायवूड, ब्लॉकबोर्ड किंवा चिपबोर्डवर सागाचं विनीअर असणं हीच त्या काळची पद्धत होती आणि त्यात फसवणूक काही नाही. फक्त चिपबोर्ड असेल तर खालच्या कडा दाबून पाहा. पाण्याने एकदा फुगलेला चिपबोर्ड पूर्ववत होत नाही.

जेवणघरात किती जागा लागेल?

साइडबोर्डची कड आणि टेबलाची कड यांत किमान ९० सेंमी हवेत. त्या बाजूला खुर्च्या असतील आणि बसलेल्यांच्या मागून वाढायला जायचं असेल तर ११० ते १२० सेंमी ठेवा. दरवाजे बाहेर उघडणारे असतील तर खुर्ची ओढलेली असताना ते उघडतात का, हे जमिनीवर टेप लावून आधीच बघा. तेवढी जागा नसेल तर सरकत्या दरवाजांचा नमुना घ्या. उंचीकडेही लक्ष द्या: जॉर्जियन नमुने ९० सेंमीच्या आसपास असतात, उभ्याने वाढायला सोयीचे. १९६०च्या दशकातले बरेचसे ७० ते ८० सेंमीचे असतात. आणि आपलं सगळ्यात मोठं ताट घेऊन जा. २८ सेंमीचं ताट बसायला कप्प्याची आतली खोली किमान ३० सेंमी लागते. मोठी परात किंवा लांब थाळा असेल तर ४० सेंमी.

वर कोणतं पॉलिश आहे हे कसं ओळखायचं?

पायाच्या आतल्या बाजूला, न दिसणारी जागा निवडा. आधी व्हाइट स्पिरिटने (हे खनिज तेलापासूनचं द्रावक, अल्कोहोल नव्हे) मेण आणि मळ पुसा. मग कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट म्हणजे डिनेचर्ड अल्कोहोल घेऊन काही सेकंद टेकवा. चिकट झालं तर ते चपडा लाखेचं पॉलिश, म्हणजेच फ्रेंच पॉलिश. हे तंत्र १८२०च्या सुमारास पसरलं. अल्कोहोलने काही झालं नाही, पण लॅकर थिनरने विरघळलं तर नायट्रोसेल्युलोज लॅकर, म्हणजे १९२०नंतरचं. दोन्हींना दाद दिली नाही तर पॉलियुरेथेन किंवा तसलंच आधुनिक लेपन. आणि लाकूड मॅट असून पाण्याचा थेंब हळूहळू आत शिरत असेल तर नुसतं तेल, जे डॅनिश सागावर अनेकदा असतं.

मग सगळं घासून नवं पॉलिश करावं का?

शक्य असेल तोवर नको. शंभर वर्षांच्या उन्हाने, मेणाने आणि हातांनी आलेली रंगाची खोली घासली की कायमची जाते, आणि अँटिकचं मोल मोठ्या प्रमाणात त्या पृष्ठभागातच असतं. मळलेल्या फ्रेंच पॉलिशला बहुतेक वेळा फक्त स्वच्छतेची गरज असते: मऊ कापडावर थोडं व्हाइट स्पिरिट, छोट्या छोट्या भागात, कापड सतत बदलत. सुकल्यावर मेणाचा अगदी पातळ थर, वीस मिनिटांनी पुसून चकाकी. वर्षातून एक-दोनदा एवढं पुरतं. सिलिकॉन असलेले फवारे वापरू नका. सिलिकॉन लाकडात मुरतं आणि पुढे कधी पॉलिश करायची वेळ आली तर नव्या थरात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

विसाव्या शतकातल्या विनीअरवर सँडिंग मशीन लावणं तर सर्वांत महागात पडतं. ते विनीअर एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतं. कडेला क्षणभर यंत्र रेंगाळलं की खालचं प्लाय दिसतं आणि त्यावर इलाज नाही. १८००च्या आधीचं हातकरवतीने कापलेलं विनीअर दीड ते तीन मिलिमीटर जाड असतं, पण त्याची जाडी कोणाच्या मशीनसाठी नाही.

तेलाच्या सागाला मात्र तेल द्यावं. सौम्य साबणाच्या ओलसर कापडाने पुसा, दिवसभर वाळू द्या, टीक ऑइलचा पातळ हात रेषांच्या दिशेने द्या आणि १५ ते २० मिनिटांत शिल्लक तेल पूर्ण पुसून काढा, नाहीतर ते चिकट राहतं. तेलाची कापडं गोळा करून टाकू नका. वाळताना त्यांत उष्णता साठते आणि ती आपोआप पेटू शकतात. बाहेर सपाट पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून मग टाका.

पांढरे आणि काळे गोल डाग काढता येतात का?

पांढरा डाग म्हणजे पॉलिशच्या थरात अडकलेला ओलावा. सर्वांत बारीक, ०००० क्रमांकाचं स्टील वूल मेणात बुडवून रेषांच्या दिशेने हलकेच फिरवा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. काळा डाग लाकडात खोल असतो. ओक आणि महोगनीतलं टॅनिन, लोखंड आणि पाणी यांच्या संयोगातून तो होतो. तो काढायला वरचं पॉलिश काढून ऑक्झॅलिक अॅसिड लावावं लागतं. ते विषारी आहे, भोवतालचं लाकूडही फिकट करतं, आणि पुढे पॉलिशचा रंग जुळवणं हे कसबी माणसाचं काम. डाग लहान असेल तर राहू द्या.

विनीअर सुटलं आहे. घरी चिकटवता येईल?

हो, सुटलेला तुकडा हरवला नसेल तर. जुनं विनीअर सरसाने लावलेलं असतं आणि सरस उष्णतेने पुन्हा मऊ होतो. नखाने हलकेच टकटक करा. पोकळ आवाज येतो तिथे ते सुटलेलं आहे. त्यावर जाड तपकिरी कागद ठेवून कोमट इस्त्री काही सेकंद टेकवा, लगेच सपाट लाकडी ठोकळ्याने दाबून थंड होईपर्यंत धरा. इस्त्री जास्त तापली तर चपड्याचं पॉलिशच कागदाला चिकटतं, म्हणून कमीपासून सुरुवात करा.

एवढ्याने बसलं नाही तर आतला सरस संपला आहे. कडेला असेल तर पातळ सुरीने आतली धूळ काढा. मधोमध फुगा असेल तर धारदार ब्लेडने रेषेच्या दिशेनेच चीर द्या. सुईने द्रवरूप सरस आत सोडा, बाहेर आलेला ओल्या कापडाने पुसा, वर मेणकागद, त्यावर ठोकळा आणि क्लॅम्प. २४ तास हात लावू नका. झटपट चिकटणारे सुपरग्लू किंवा इपॉक्सी वापरू नका. पुढची दुरुस्ती ते अशक्य करून ठेवतात. सरस मात्र उद्या कोणालाही सोडवता येतो.

खण अडकतो किंवा खाली झुकतो.

पावसाळी दमट हवेत अडकत असेल तर रंधा मारू नका, कोरड्या दिवसांत तोच खण सैल होईल. बाजूंच्या खालच्या कडांवर आणि खण ज्यांवर सरकतो त्या आतल्या पट्ट्यांवर साधी मेणबत्ती घासा. बारमाही झुकत असेल तर खणाच्या बाजूंची खालची कड असमान झिजली आहे. झिजलेला भाग सरळ कापून त्याच जातीच्या लाकडाची पट्टी चिकटवतात. आतल्या पट्टीत खाच पडली असेल तर तीही बदलावी लागते. नुसता खण दुरुस्त केला तर तो त्या खाचेत पुन्हा झिजतो.

खणाच्या बुडात पुढच्या बाजूला फट दिसणं ही सोपी गोष्ट आहे. फळी आकसून खाचेतून निसटलेली असते. मागचे खिळे किंवा स्क्रू काढा, फळी पुढे सरकवून खाचेत बसवा, मागून पुन्हा पक्की करा. कपाटाच्या बाजूच्या भरीव फळीत उभी चीर असेल तर कारण वेगळं: खणाच्या आडव्या पट्ट्या त्या फळीला पूर्ण लांबीवर जखडलेल्या असतात, फळी आकसते, पट्टी आकसत नाही. चीर भरण्याआधी पट्टी मागच्या बाजूने मोकळी करून लांबट छिद्रातल्या एका स्क्रूवर ठेवा. नाहीतर भरलेली चीर पुन्हा उघडेल.

सरकता दरवाजा कसा काढायचा?

वरची खाच खालच्यापेक्षा खोल असते. दरवाजा वर उचला, खालची कड बाहेर घ्या, मग खाली उतरवा. बाहेरचा आधी. पट्ट्यापट्ट्यांचा गुंडाळणारा टॅम्बूर दरवाजा असा निघत नाही. तो बहुधा पाठफळी काढून मागून सरकवावा लागतो. त्याच्या पट्ट्या कापडावर चिकटवलेल्या असतात आणि ते कापड कुजलं की दरवाजा मधेच दुमडतो. ओढाताण केली तर पट्ट्या तुटतात, कापड बदलणं हाच उपाय.

छोटी छिद्रं आहेत. कीड जिवंत आहे का?

छिद्र म्हणजे कीड बाहेर पडल्याची जागा, त्यामुळे छिद्र असणं हा जिवंतपणाचा पुरावा नाही. खाली गडद कागद अंथरून काही आठवडे ठेवा. फिकट भुसा पडला आणि छिद्रांच्या कडा ताज्या, स्वच्छ दिसल्या तर कीड चालू आहे. दीड-दोन मिलिमीटरची छिद्रं आणि रवाळ भुसा हे सामान्य फर्निचर भुंगेऱ्याचं काम. त्याची अळी लाकडात दोन ते पाच वर्षं राहते. पिठासारखा मऊ भुसा असेल तर पावडरपोस्ट भुंगेरा. सागाच्या आणि महोगनीच्या गाभ्याला सहसा धोका नसतो, पण आतल्या पाइन किंवा बीचच्या फळ्या पोखरलेल्या सापडतात. उपाय म्हणजे न पॉलिश केलेल्या बाजूंना पर्मेथ्रिन किंवा बोरॉनचं द्रावण, किंवा व्यावसायिक गोठवण: उणे १८ अंशांत किमान दोन आठवडे. खात्री होईपर्यंत ही वस्तू बाकी लाकडी सामानापासून दूर ठेवा.

आत कुबट वास येतो.

खण बाहेर काढून सावलीत वारा द्या, आतून ओलसर कापडाने पुसून पूर्ण वाळवा, मग बंद कप्प्यात वाटीभर सक्रिय कोळसा आठवडाभर ठेवा. तरीही वास राहिला तर आतल्या उघड्या लाकडाला चपडा लाखेचा पातळ हात द्या. वास आतच बंद होतो.

शिशाचं अस्तर असलेला बाटल्यांचा खण वापरावा का?

खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठी नाही. ओकच्या लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफांनी शिशावर पांढरी पूड धरते आणि ती विषारी असते. ब्रशने झाडू नका, घरच्या व्हॅक्यूमनेही ओढू नका. हातमोजे घालून ओल्या कापडाने टिपा आणि कापड टाकून द्या. अस्तर उपटूनही काढू नका, ते वस्तूच्या मूळपणाचा भाग आहे. वर नेमका बसणारा लाकडी ट्रे करून घ्या आणि त्यात टेबलक्लॉथ ठेवा.

गरम भांडी थेट ठेवली तर?

चपड्याचं पॉलिश ७५ अंशांच्या आसपास मऊ होतं, म्हणजे नुकतंच उतरवलेलं भांडं त्यावर ठसा उमटवणारच. जाड फेल्टचं अस्तर आणि वर तिवई वापरा. सांडलेली दारू किंवा परफ्यूम लगेच टिपा, अल्कोहोल या पॉलिशला विरघळवतं.

हलवताना काय काळजी घ्यावी?

सगळे खण आणि सुटे कप्पे काढा, दरवाजे बंद करून कुलूप लावा. वरची फळी धरून उचलू नका, ती अनेकदा आतून नुसत्या ठोकळ्यांवर चिकटवलेली असते. हात सांगाड्याखाली घाला. आणि ओढू तर अजिबात नका. बारीक पाय आडव्या ताणाने सांध्यातच मोडतात, आणि ती मोड दुरुस्त केली तरी कायम कच्ची राहते. नव्या जागी रेडिएटर, एसीचा झोत आणि थेट ऊन टाळा. हवेतली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत स्थिर राहिली तर विनीअर आणि सांधे दोन्ही टिकतात.

टीव्हीच्या वायरसाठी मागे भोक पाडलं तर चालेल?

अँटिकला नाही. व्हिंटेजमध्ये पाठफळी स्क्रूवर असेल तर ती काढून जपून ठेवा आणि तिच्या जागी प्लायची भोकवाली फळी लावा.

शिसवीचा साइडबोर्ड दुसऱ्या देशात नेता येतो का?

कागदपत्रांशिवाय नाही. ब्राझिलियन शिसवी १९९२पासून साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहे, आणि शिसवीची जवळपास सगळी डालबर्जिया कुळी जानेवारी २०१७पासून दुसऱ्या परिशिष्टात. वस्तू त्या तारखांच्या आधीची आहे हे दाखवणारं प्रमाणपत्र निघू शकतं, पण ते माल रवाना होण्याआधी, निर्यात करणाऱ्या देशाच्या अधिकाऱ्यांकडून घ्यावं लागतं. कुलपाच्या भोवती हस्तिदंताची चकती असेल तर अनेक देशांत त्यासाठी वेगळे, आणखी कडक नियम आहेत. विक्रेत्याकडे खरेदीची जुनी पावती, कारखान्याची नोंद किंवा तारीख असलेला फोटो असेल तर तो मागून घ्या. प्रमाणपत्राच्या अर्जाला तोच जोडावा लागतो.